पॅचबे : पुढे एकही केबल नसताना काय वाजणार ते आधी ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे की ८ इन ८ आउटचा इंटरफेस (कॉम्प्युटरमध्ये आवाज आत-बाहेर नेणारं मशीन), ४ चॅनलचा प्रीअँप (माइकचा बारीक सिग्नल वाढवणारा), दोन चॅनलचा कंप्रेसर (मोठा आवाज दाबणारा), स्टिरिओ ईक्यू (खालचे-वरचे सूर कमीजास्त करणारा), एक जुना रॅक रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारा), दोन सिंथ आणि थोडे पेडल एवढं सामान आहे, दर वेळी रॅकच्या मागे वाकून केबल बदलायचा कंटाळा आला म्हणून ४८ पॉइंटचा पॅचबे (सगळ्या मशिनचे इन-आउट एका पट्टीवर आणून पुढून छोट्या केबलने जोडायची सोय) घेतलाय, पण नॉर्मल, हाफ-नॉर्मल, थ्रू यातलं काय कुठे ठेवायचं ते कळत नाहीये, आणि इतक्या जोडण्यांतून गेल्यावर आवाज खराब होईल का अशी भीती वाटतेय. मी बरीच वर्षं स्टुडिओचं वायरिंग करतेय आणि माझ्या स्वतःच्या घरचा बे तीनदा पूर्ण काढून पुन्हा लावलाय, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

पॅचबे म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पुढे लोंबणाऱ्या रंगीत केबल येतात. पण बेचं खरं काम पुढे एकही केबल नसताना चालू असतं. तुम्ही स्टुडिओत आलात, पॉवर ऑन केली, पुढून काहीही लावलेलं नाही, तरी माइक आणि सिंथ रेकॉर्डिंगला तयार पाहिजेत, रिव्हर्बला सेंड, म्हणजे आवाजाची पाठवायची प्रत, जात असला पाहिजे. दहापैकी आठ वेळा जे लागतं ते आपोआप जोडलेलं, आणि उरलेल्या दोन वेळांसाठी पुढून कॉर्ड, म्हणजे छोटी जोडकेबल. म्हणून आधी कागद घ्या आणि 'रोज काय कशात जातं' ते लिहा, मग केबल मोजा. बहुतेक जण उलटं करतात, जो कनेक्टर हाताला लागेल तो पुढच्या रिकाम्या सॉकेटमध्ये घालत जातात, आणि महिन्याभरात परत रॅकच्या मागे जाऊन बसतात.

आता मोडबद्दल. बेमध्ये वर एक सॉकेट आणि खाली एक अशी जोडी असते, ४८ पॉइंट म्हणजे अशा २४ जोड्या, आणि प्रत्येक सॉकेटला मागेही एक सॉकेट. आत स्प्रिंगच्या पट्ट्या असतात, प्लग आत गेला की पट्टी उचलली जाते आणि शेजारच्या कॉन्टॅक्टपासून सुटते, एवढंच आहे सगळं. हा पाव इंची प्लग १९व्या शतकातल्या टेलिफोन एक्सचेंजमधून आलाय, तिथेही प्लग घालून लाइन जोडायचं हेच काम होतं. थ्रू मोडमध्ये वरचं आणि खालचं सॉकेट एकमेकांना ओळखतही नाहीत, मागचं फक्त आपल्या पुढच्याला जोडलेलं. फुल नॉर्मलमध्ये वरचं मागचं सॉकेट आतून खालच्याला जोडलेलं असतं आणि पुढून वर किंवा खाली कुठेही प्लग घातला की ती जोडणी तुटते. हाफ-नॉर्मलमध्ये वर प्लग घातला तर जोडणी तशीच राहते, फक्त सिग्नलची एक प्रत तुमच्या कॉर्डमधून बाहेर येते, आणि खाली घातला तर मात्र जोडणी तुटते आणि कॉर्डमधून येईल तेच पुढे जातं. पॅरलल म्हणजे पुढची दोन आणि मागची दोन अशी चारही सॉकेट कायम एकत्र, काहीही घाला, तुटत नाही.

यातूनच तो नियम निघतो, आउटपुट वर आणि इनपुट खाली. तो नुसता रिवाज नाही. हाफ-नॉर्मलमध्ये तोडणारा कॉन्टॅक्ट फक्त खाली असतो, त्यामुळे इनपुट वर ठेवलेत तर त्यात दुसरी कॉर्ड घातल्यावर आधीचं सुटणारच नाही आणि दोन मशिनची आउटपुट एकमेकांत जोडली जातील. एक आउटपुट दोन-तीन इनपुटना देणं चालतं, कारण लाइन आउटपुटचा इंपीडन्स (सिग्नलला होणारा विद्युत अडथळा) साधारण शे-दोनशे ओहम आणि इनपुटचा १० किलोओहम किंवा जास्त. पण दोन आउटपुट एका इनपुटमध्ये सरळ जोडायची नाहीत, दोघं एकमेकांशी भांडतात, लेव्हल पडते, कधी डिस्टॉर्शन येतं. मिसळायचं असेल तर मिक्सर पाहिजे.

कंपन्या ही नावं एकसारखी वापरत नाहीत, काही बेवर नुसतं 'नॉर्मल' लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात ते हाफ-नॉर्मल निघतं. म्हणून छापील नावावर जाऊ नका, तपासा. मागे वर काहीतरी वाजणारं लावा, मागे खाली इंटरफेसचा इनपुट, मीटर बघत राहा. काहीच आलं नाही तर ती जोडी थ्रू आहे. आलं, तर एक मोकळी कॉर्ड पुढून वरच्या सॉकेटमध्ये घाला (दुसरं टोक कुठल्या पत्र्याला टेकू देऊ नका), आवाज थांबला तर फुल, चालू राहिला तर तीच कॉर्ड काढून खाली घाला, आता थांबला तर हाफ, आताही चालू तर पॅरलल. दोन मिनिटांचं काम आहे आणि २४ही जोड्या रॅकमध्ये बसवायच्या आधी करा, कारण काही मॉडेलवर मोडचे स्विच वरच्या पत्र्यावर असतात, बेवर दुसरं मशीन बसलं की तिथे बोटच जात नाही. काहींमध्ये स्विचच नसतो, न्यूट्रिकचा तो ४८ पॉइंटचा प्रसिद्ध बे आहे त्यात आतली छोटी सर्किट पट्टी काढून उलटी बसवावी लागते, तेही मागे केबलचा गुंता झाल्यावर नको वाटतं.

तुमच्या सामानासाठी मी कशी मांडणी करीन ते सांगते. इंटरफेसचे आउट १-२ बेमध्ये आणूच नका, ते सरळ मॉनिटर स्पीकरला किंवा मॉनिटर कंट्रोलरला जाऊ देत. स्पीकर बेवर असले की एखाद्या दिवशी चुकीची कॉर्ड ओढली जाते आणि पूर्ण लेव्हलचा धडाका कानात बसतो, हे मी होताना पाहिलंय, ट्वीटर गेला होता. उरलेलं असं. जोडी १ ते ४ : वर प्रीअँपचे आउट, खाली इंटरफेसचे इन १ ते ४. जोडी ५-६ वर पहिला सिंथ, ७-८ वर दुसरा, खाली इन ५ ते ८. या आठही हाफ-नॉर्मल. जोडी ९-१० : वर इंटरफेसचे आउट ३-४, खाली कंप्रेसरचे इन. ११-१२ : वर कंप्रेसरचे आउट, खाली ईक्यूचे इन, याही चारही हाफ-नॉर्मल. १३-१४ वर ईक्यूचे आउट, खाली रिकामं, थ्रू. १५-१६ वर आउट ५-६, खाली रिव्हर्बचे इन, हाफ-नॉर्मल. १७-१८ वर रिव्हर्बचे आउट, खाली रिकामं, थ्रू. १९ वर आउट ७, खाली रीअँप बॉक्स (लाइनचा सिग्नल गिटारच्या लेव्हलला आणणारा), आणि ही एकच जोडी मी फुल नॉर्मल ठेवीन, कारण आउट ७ दुसरीकडे नेला तेव्हा गिटार अँप मागे वाजत राहायला नको. २० वर आउट ८, थ्रू. २१-२२ पॅरलल, एका सिग्नलच्या प्रती काढायला. २३-२४ मोकळ्या. मोजलं तर मागे ३५ केबल होतात, आणि बेपेक्षा या केबलचाच खर्च जास्त येतो, हे आधीच धरून चाला. आठ-आठ चॅनलचे टीआरएस (टिप, रिंग, स्लीव्ह असे तीन कॉन्टॅक्ट असलेल्या प्लगचे) लूम, म्हणजे एकत्र गुंफलेल्या केबल, घेतलेत तर मागे नीट राहतं.

आता ही मांडणी वापरून बघा. गाणं रेकॉर्ड करताना कंप्रेसरमधून न्यायचंय : जोडी १ च्या वरून एक कॉर्ड ९ च्या खाली, आणि ११ च्या वरून दुसरी कॉर्ड १ च्या खाली. दोनच कॉर्ड. ९ च्या खाली प्लग गेला म्हणून आउट ३ सुटला, १ च्या खाली गेला म्हणून प्रीअँपची सरळ लाइन सुटली, आता इन १ मध्ये फक्त कंप्रेस केलेला आवाज आहे. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ही की तीच दुसरी कॉर्ड १ च्या ऐवजी २ च्या खाली घातलीत तर इन १ वर कोरा आवाज आणि इन २ वर कंप्रेस केलेला, दोन्ही एकाच वेळी रेकॉर्ड होतात, वेगळा स्प्लिटर लागत नाही. गायक जोरात गेला आणि कंप्रेसरने दाबून टाकलं तरी कोरा टेक हातात असतो. हाफ-नॉर्मलवर माझा इतका जीव आहे तो यासाठी.

मिक्सच्या वेळी आउट ३-४ मधून पाठवलेलं आपोआप कंप्रेसर आणि मग ईक्यूमधून येतं, तुम्ही फक्त १३-१४ च्या वरून दोन कॉर्ड ७-८ च्या खाली घालायच्या. दुसरा सिंथ तेवढ्यापुरता सुटतो, मिक्सला तो लागत नसतो. नुसता कंप्रेसर हवा तर ११-१२ च्या वरून घ्या, नुसता ईक्यू हवा तर ९-१० च्या वरून ११-१२ च्या खाली. एक मात्र जपा, ज्या ट्रॅकवर इन ७-८ परत येतंय त्या ट्रॅकचं आउटपुट चुकून ३-४ ला असेल आणि इनपुट मॉनिटरिंग चालू असेल तर गोल फिरून शिट्टी सुरू होते आणि ती क्षणात वाढते. याच कारणाने इंटरफेसचा आउट वर आणि इंटरफेसचाच इन खाली अशी नॉर्मल जोडी कधीच करायची नाही, कितीही सोयीची वाटली तरी. आणि बाहेरून फिरून आलेला आवाज थोडा उशिरा पोचतो, सॉफ्टवेअरमध्ये हार्डवेअर इन्सर्टला पिंग करून तो उशीर मोजायची सोय बहुतेक वेळा असते, ती वापरा, नाहीतर कोऱ्या ट्रॅकबरोबर मिसळल्यावर आवाज पोकळ होतो.

बेवर काय आणायचं नाही ते महत्त्वाचं आहे. माइक आणू नका. फँटम पॉवर (प्रीअँप माइकला केबलमधूनच देतो ती वीज) म्हणजे दोन्ही वायरवर सारखेच ४८ व्होल्ट, प्रत्येकी ६.८ किलोओहमच्या रेझिस्टरमधून, दोन्हीकडे सारखे असतात म्हणून माइकला त्यांचा त्रास होत नाही. पण टीआरएस प्लग आत सरकताना त्याची टिप आधी स्लीव्हच्या आणि रिंगच्या कॉन्टॅक्टवरून घासत जाते, त्या क्षणी एक वायर ग्राउंडला टेकते आणि दुसरीवर व्होल्टेज तसंच, तो फरक थेट माइकवर. कंडेन्सर बहुधा निभावून नेतो, मोठा ठोका ऐकू येतो इतकंच, पण रिबन माइकची पातळ पट्टी ताणली जाऊ शकते आणि मग ती दुरुस्तीला जाते. माइक एक्सएलआरने थेट प्रीअँपमध्ये, प्रीअँपनंतरचं सगळं बेवर. पॉवर अँपचं स्पीकर आउटपुट तर अजिबात नाही, प्लग सरकताना तिथेही शॉर्ट होतं आणि तिथे ताकद मोठी असते. एसपीडीआयएफ वगैरे डिजिटल लाइनही वेगळ्या ठेवा, त्यांना ठरावीक इंपीडन्सची केबल लागते.

गिटारही थेट बेवर नको. केबलची कपॅसिटन्स मीटरला १०० पिकोफॅरॅडच्या आसपास असते, प्रीअँपच्या आउटपुटला तिचा पत्ताही लागत नाही, पण पॅसिव्ह पिकअपचा इंपीडन्स मोठा, म्हणून त्याचा वरचा भाग मऊ होतो, आणि त्यात कुणी चुकून ती १० किलोओहमच्या लाइन इनपुटमध्ये घातली तर गिटार ब्लँकेटखाली ठेवल्यासारखी वाजते, तिला १ मेगाओहमचा इनपुट लागतो. आधी डीआय (गिटारचा सिग्नल प्रीअँपला चालेल असा करणारा डबा) किंवा इन्स्ट्रुमेंट इनपुट, मग बे. पेडल वापरायचे असतील तर आउट ७ वरून रीअँप बॉक्स, त्यापुढे पेडल, आणि परत येताना डीआयमधून प्रीअँपमध्ये.

आवाज खराब होतो का याचं उत्तर यातच आलं. बेमध्ये इलेक्ट्रॉनिक्स काहीच नाही, लाइन लेव्हलला दोन-चार मीटर जास्तीच्या चांगल्या केबलने ऐकू येईल असा फरक पडत नाही. त्रास देतात ते कॉन्टॅक्ट. एकदा जोडी ३ वर असलेल्या एका गायिकेचा आवाज अचानक पातळ यायला लागला, खालचं अंगच गेलं, लेव्हलही कमी. माइक बदलला, केबल बदलली, प्रीअँपचा दुसरा चॅनल तिसऱ्या जोडीवर आणून पाहिला, सगळं तेच. जवळजवळ पूर्ण दुपार गेली. शेवटी जोडी ३ च्या वरून त्याच जोडीच्या खाली एक छोटी कॉर्ड लावली आणि आवाज लख्ख झाला. म्हणजे प्रीअँप ठीक, इंटरफेस ठीक, आतला नॉर्मल कॉन्टॅक्ट काळवंडलेला, कारण त्या जोडीत कित्येक महिने पुढून प्लगच गेला नव्हता. बॅलन्स्ड लाइनची (जिथे सिग्नल दोन वायरवर जातो) एक वायर तुटली की असंच होतं, ट्रान्सफॉर्मर आउटपुट असेल तर आवाज पातळ होतो आणि साध्या इलेक्ट्रॉनिक बॅलन्स्ड आउटपुटवर लेव्हल साधारण ६ डीबी पडते, बाकी ठीक वाटतं म्हणून पटकन लक्षात येत नाही. तेव्हापासून कुठेही शंका आली की पहिलं काम तेच, वरून खाली एक कॉर्ड. त्याने बरं झालं तर प्लग दहा-पंधरा वेळा आतबाहेर करायचा, नाहीच जमलं तर प्लगला थोडंसं कॉन्टॅक्ट क्लीनर लावून पुन्हा. स्प्रे थेट सॉकेटमध्ये मारत बसू नका, आतली घाण फक्त पुढे सरकते. मी महिन्यातून एकदा सगळ्या जोड्यांत नुसता प्लग घालून काढते, पाच मिनिटं लागतात.

पुढच्या कॉर्ड टीआरएसच घ्या. सिंथची आउटपुट अनबॅलन्स्ड असतील तर मागून टीएस (रिंग नसलेली, दोनच कॉन्टॅक्टची) केबल आली तरी चालते, पण पुढे टीएस कॉर्ड ठेवू नका. हाफ-नॉर्मलमध्ये वरून प्रत काढायला टीएस घातलीत की तिची लांब स्लीव्ह रिंगला ग्राउंड करते, आणि ते फक्त तुमच्या प्रतीपुरतं राहत नाही, मागून इंटरफेसला जाणारी मूळ लाइनही त्याच क्षणी अनबॅलन्स्ड होते. काही आउटपुट सर्किट हे सहन करतात, काहींत डिस्टॉर्शन येतं, आणि तुम्ही शोधत बसता भलतीकडे. ३० सेंटीमीटरच्या आठ आणि ६० च्या चार कॉर्ड एवढ्या एका बेला पुरतात.

जुना रिव्हर्ब बहुधा उणे १० डीबीव्ही या घरगुती लेव्हलवर चालणारा असेल आणि इंटरफेस अधिक ४ डीबीयू या स्टुडिओच्या लेव्हलवर, या दोहोंत जवळजवळ १२ डीबीचा फरक आहे, बे तो भरून काढत नाही. मशिनच्या मागे लेव्हलचा स्विच असतो तो आधी बघा, नसेल तर सेंड खाली आणा.

लेबल लगेच छापू नका. पांढरी टेप आणि पेन्सिल, दोन-तीन आठवडे तसंच काम करा, एखादी जोडी इकडची तिकडे करावीशी वाटतेच, मग छापा. मागच्या प्रत्येक केबलला दोन्ही टोकांना नंबर घाला, एका टोकाला घालून भागत नाही. केबल बांधायला वेल्क्रो वापरा, प्लास्टिकचे टाय एकदा आवळले की कापावेच लागतात आणि कापताना केबललाही लागतं. मागे हातभर केबल मोकळी सोडा म्हणजे बे पुढे ओढून मागचं बघता येईल, आणि केबलचं वजन सॉकेटवर येऊ नये म्हणून रॅकला मागे आडवी पट्टी लावून त्यावर बांधा. सगळं झालं की मागचा फोटो काढून ठेवा.

हम, म्हणजे सततची घूं घूं, आला तर घाबरून सगळं उपटू नका. मागून एकेक केबल काढत बघा कोणतं मशीन जोडल्यावर तो सुरू होतो, बहुतेक वेळा ते अनबॅलन्स्ड आउटपुटचं मशीन असतं, तुमच्याकडे तो संशय मी आधी सिंथवर आणि जुन्या रिव्हर्बवर घेईन. तिथे ट्रान्सफॉर्मर आयसोलेटर लावा. मशिनच्या पॉवर केबलचं अर्थिंग कधीच काढायचं नाही, ते जीव वाचवायला असतं.

टीटी बे (आणखी बारीक प्लगचा) घ्यायला हवा होता का असं कुणी सांगितलं असेल तर आत्ता गरज नाही. त्यात एका रॅक युनिटमध्ये ९६ पॉइंट बसतात, प्लग ४.४ मिलिमीटरचा, मागे बहुतेक डीबी-२५ (२५ पिनांचे) कनेक्टर, कॉर्ड महाग. तुमच्या २४ जोड्यांतल्या काही अजून रिकाम्या आहेत. आणि खरं सांगायचं तर ज्यांच्याकडे दोन प्रीअँप आणि एक सिंथ एवढंच आहे आणि इंटरफेसला इनपुट शिल्लक आहेत त्यांनी बे घेऊच नये, सरळ जोडावं. तुमचं सामान त्या रेषेच्या पलीकडे गेलंय, कारण तुमच्याकडे इनपुट ८ आणि त्यावर येऊ शकणारे आउटपुट १४ आहेत.

सुरुवात करताना सगळं एका बैठकीत लावू नका. पहिल्या दिवशी फक्त जोडी १ ते ८, मग पुढे काहीही न लावता आठही चॅनल एकदा रेकॉर्ड करून प्रत्येकाची लेव्हल आधीच्या सरळ जोडणीशी ताडून बघा. सगळं जुळलं की दुसऱ्या दिवशी कंप्रेसर आणि ईक्यू, तिसऱ्या दिवशी रिव्हर्ब आणि उरलेलं. कुठे अडलात तर मोडची ती तपासणी करून कोणत्या जोडीला काय आढळलं ते लिहा, तेवढ्यावरून चूक कुठे आहे ते सांगता येईल.